तुमचा अंदाज तुम्हाला परत मिळवायचा आहे

प्रश्न पाठवणाऱ्या बाई नाशिकच्या, वय ३७, एका सहकारी पतसंस्थेत नोकरीला. ११ वर्षांच्या संसारानंतर १४ महिन्यांपूर्वी ९ वर्षांच्या मुलीला घेऊन त्या घराबाहेर पडल्या. आता आईच्या घराजवळ भाड्यानं राहतात, कोर्टात केस चालू आहे. त्यांनी लिहिलंय: "मारहाण फक्त तीनदा झाली. पण पगाराचं एटीएम कार्ड त्यांच्याकडे, रोज रात्री पैशांचा हिशेब, फोन तपासणं, माहेरी जायचं तर परवानगी, आणि मनाविरुद्ध काही झालं की आठ-आठ, दहा-दहा दिवस अबोला. तरी रविवारी सकाळी मला त्यांची आठवण येते, कारण अबोला सुटला की ते गरम जिलेबी घेऊन यायचे. मी वेडी आहे का? दुसरं, ऑफिसातले एक सहकारी खूप मदत करतात. ते खरंच चांगले आहेत की तसलेच, हे मला कळेनासं झालंय. तिसरं, नणंदेकडून निरोप येतायत की तो बदललाय, मुलीसाठी एकदा तरी भेट. काय करू?"

तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. "फक्त". मारहाण फक्त तीनदा. मी २३ वर्षं समुपदेशनाचं काम करते आहे. हा "फक्त" मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलाय की तो कुठून येतो ते मला माहीत आहे. अंगावर वळ दिसला तरच मार, बाकी सगळं "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच", असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. कायदा मात्र तसं मानत नाही. २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा शारीरिक छळाबरोबर लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक छळही हिंसाचारातच धरतो. तुमच्या कष्टाच्या पगाराचं कार्ड दुसऱ्याच्या खिशात असणं हा आर्थिक छळ आहे. दहा दिवस घरात तुमच्या अस्तित्वाचीच दखल न घेणं हा मानसिक छळ आहे. म्हणजे तुमच्यावर हिंसाचार तीनदा झाला नाही, ११ वर्षं झाला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. झालं ते "एवढं काही नव्हतं" असं तुम्ही धरून चाललात, तर जिलेबीची आठवण तुम्हाला प्रेम वाटेल आणि तुमची सावधगिरी तुम्हालाच संशयीपणा वाटेल.

आता जिलेबी.

जो माणूस दर रविवारी नेमानं जिलेबी आणतो, त्याची जिलेबी आपल्या लक्षातही राहत नाही. नऊ दिवस घरात श्वास रोखून वावरायचं, आपलं काय चुकलं ते शोधत राहायचं, आणि दहाव्या दिवशी दारात तो पुडा घेऊन हसत उभा, अशी जिलेबी मेंदू विसरत नाही. मानसशास्त्रात हे जुनं ज्ञान आहे. फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की ठरलेल्या वेळी मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसलेलं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं. मटक्याच्या आकड्यातून माणूस सुटत नाही, त्याच्या मुळाशी हेच आहे. पुढे १९८१ मध्ये डटन आणि पेंटर यांनी छळ सोसणाऱ्या बायकांच्या संदर्भात याच धाग्यावर मांडणी केली. सत्ता एकाच्याच हातात, आणि छळ व माया आलटून पालटून, या दोन गोष्टी एकत्र आल्या की बंध सैल होत नाही, उलट आवळला जातो. ज्यानं घाव घातला त्याच्याकडूनच फुंकर मिळत असेल तर जीव त्या फुंकरीची वाट बघायला लागतो. म्हणजे तुम्ही वेड्या नाही आहात. कुणाचाही मेंदू ज्या पद्धतीनं शिकतो त्याच पद्धतीनं तुमचा शिकला. दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळी सात वाजता तलफ येते, म्हणून दारू त्याच्यासाठी चांगली होती असं कुणी म्हणत नाही.

लिनोर वॉकर यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतल्या बायकांशी बोलून हिंसेचं चक्र मांडलं होतं: आधी ताण साठत जातो, मग स्फोट, मग गोडीगुलाबी, आणि पुन्हा ताण. तुमच्या घरात ते बऱ्यापैकी लागू पडतं. पण मी पाहिलेल्या कितीतरी घरांत तिसरी पायरी कधी आलीच नाही, आणि जिथं होती तिथंही वर्षं सरली तशी ती आखडत गेली. आधी साडी, मग जिलेबी, मग नुसतंच "चल, जेवायला वाढ". तुमच्याकडे शेवटच्या दोन वर्षांत जिलेबी किती वेळा आली, हे जमलं तर आठवून बघा.

आठवण दाबू नका. दाबलेली आठवण रात्री येते. त्याऐवजी ती अर्धवट सोडू नका, पूर्ण करा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई यायच्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्यांना नवऱ्यानं आणलेली एक हिरवी साडी सारखी आठवायची. मी त्यांच्यापुढे वही ठेवली, पानाच्या मधोमध उभी रेघ ओढली आणि म्हटलं, उजवीकडे साडीचा दिवस लिहा, डावीकडे त्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते लिहा. उजवी बाजू भराभर लिहून झाली. डावीकडे बराच वेळ पेन नुसतं टेकून राहिलं. मग त्यांनी लिहिलं, "भाजीत मीठ जास्त. गॅसवरचं दूध सिंकमध्ये ओतलं. धाकटा रडत होता." पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. आणि एकदम म्हणाल्या, "ताई, मला हिरवा रंग आवडतच नाही. तो त्यांच्या आवडीचा होता." सात वर्षं ती साडी त्या जपत होत्या, आणि हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा आठवलं. तुमच्या प्रत्येक जिलेबीला एक आदला दिवस आहे. तोही लिहा.

आता माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. अशा संसारातून बाहेर पडलेल्या बाईचं सगळ्यात मोठं नुकसान कशाचं होतं असं विचारलं, तर लोक पैसा, दागिने, वर्षं, अब्रू असं काहीबाही सांगतात. माझ्या अनुभवात ते नुकसान असतं स्वतःच्या अंदाजाचं. तुम्ही लिहिलंय, "मला कळेनासं झालंय". हे वाक्य सहकाऱ्याबद्दल वाटतं, पण ते तुमच्याबद्दल आहे.

हे घडतं कसं, तर एका मोठ्या खोटेपणानं नाही. रोजच्या छोट्या निवाड्यांनी घडतं. तुम्ही म्हणता, "काल तुम्ही असं बोललात." उत्तर येतं, "मी असं बोललोच नाही, तुझ्या मनाचे खेळ." तुम्ही म्हणता, "मला लागलं." उत्तर येतं, "तू फार हळवी आहेस, बाहेर चार लोकांत विचार." हजार वेळा असं झालं की माणूस आपल्या डोळ्यांनी बघतो आणि दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून ठरवतो की आपण काय बघितलं. माझ्या खोलीत आलेल्या कितीतरी बायका विचारतात, "ताई, पंखा लावू का?" पंख्याचं बटण त्यांच्या हाताशी असतं, घामानं ब्लाउज भिजलेला असतो. एक बाई घर सोडल्यावर पहिल्यांदा एकटी वाणसामानाला गेली आणि चहाच्या फळीपुढे वीस मिनिटं उभी राहिली. कुठली चहापत्ती घ्यायची हे तिला ठरवता येईना, कारण इतकी वर्षं ती कुठलीही घेतली तरी चुकायचीच. शेवटी काहीच न घेता ती घरी आली आणि खूप रडली. ते रडणं चहासाठी नव्हतं हे तुम्हाला सांगायला नको.

म्हणून "बनेल माणसं ओळखायची कशी" याची लांबलचक यादी मी तुम्हाला देणार नाही. ती मोबाइलवर हवी तेवढी मिळते, आणि तिनं बायका जास्त गोंधळतात, कारण यादीतल्या दहापैकी चार गोष्टी कुठल्याही माणसात सापडतात. तसंच "नार्सिसिस्ट", म्हणजे स्वतःच्याच प्रेमात बुडालेला माणूस, हा शब्द. हल्ली समोर बसलेली दर तिसरी बाई विचारते, "ताई, तो नार्सिसिस्ट आहे ना?" व्यक्तिमत्त्वाचा आजार आहे की नाही ते त्या माणसाला समोर बसवून तपासल्यानंतर मनोविकारतज्ज्ञ ठरवतात, मी तुमच्या पत्रावरून ठरवू शकत नाही आणि तुम्हीही त्या शोधात शिरू नका. त्याला काय झालंय हे शोधण्यात ११ वर्षं गेलीच आहेत. तो काय करतो आणि त्यानं तुमचं काय होतं, एवढं पुरे.

आधी अंदाज परत मिळवायचा. त्यासाठी मी सांगते तो उपाय अगदी साधा आहे आणि लागू पडताना मी पाहिलाय. एक छोटी वही करा. रोज सकाळी माणसांबद्दलचा एक बारीकसा अंदाज लिहा. "मॅनेजर शुक्रवारची रजा देणार नाहीत." "घरमालकीण पाण्याच्या मोटरीवरून आज काहीतरी बोलणार." "मावशी फोन करेल आणि शेवटी केसचा विषय काढेल." आठ दिवसांनी खरं काय झालं ते शेजारी लिहा. तुमचे बरेच अंदाज बरोबर निघतील, कारण ज्या बाईनं ११ वर्षं जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं हवामान ओळखलं, तिला माणसं वाचता येत नाहीत असं होऊच शकत नाही. तुमचं वाचणं शाबूत आहे. वाचलेल्यावर विश्वास ठेवायची सवय तेवढी मोडून टाकलेली आहे, आणि ती वहीतल्या खुणांनी हळूहळू परत येते. याच्या जोडीला रोज एक निर्णय असा घ्या की ज्यात कुणाला विचारायचं नाही, आईलासुद्धा नाही. पडद्याचा रंग, भाजी, चालत जायचं की रिक्षानं.

शरीराचं एक सांगायला हवं. पोटात गोळा येणं, छातीत धडधडणं याकडे लक्ष द्या, पण प्रत्येक धडधड आजची नसते. पातेलं पडल्याच्या आवाजानं दचकलात तर ती जुनी आहे. एखाद्या माणसाशी बोलणं झाल्यावर दर वेळी थकवा येतो, आपण काहीतरी कबूल करून बसलो असं वाटतं, तर ती आजची असायची शक्यता जास्त. धडधड जुनी असेल तर जमिनीवर पाय घट्ट टेकून, खोलीतल्या चार वस्तूंची नावं घेत थांबा. आजची असेल तर वहीत लिहा. झोप आठवडेच्या आठवडे लागत नसेल, तेच प्रसंग डोळ्यांपुढे पुन्हा घडत असतील, किंवा जगणं नको असा विचार एकदाही आला असेल, तर वही बाजूला ठेवा आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक सरकारी आहे, फुकट आहे, आणि तिथं मराठीत बोलता येतं.

तुमच्या सहकाऱ्यांबद्दल तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात: पावसात घरापर्यंत सोडलं, महिनाअखेरीचं तुमचं काम स्वतः बसून संपवलं, आणि "आपलं बोलणं ऑफिसात कुणाला सांगू नका, लोक उगाच अर्थ काढतात" असं म्हणाले. यावरून तो माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही. चांगला माणूसही हे तिन्ही करू शकतो. तुम्हाला त्याच्यावर निकाल द्यायचाच नाहीये. त्याच्यापासून किती अंतरावर राहायचं एवढंच ठरवायचंय, आणि अंतर ठरवायला पुरावा लागत नाही.

छोटा नकार देऊन बघा. "उद्या नको, मी बसनं जाईन." कारण देऊ नका, हसून सांगा, आणि पुढचे चार दिवस बघा. ज्याच्या मनात काही नाही तो "बरं" म्हणतो आणि सोमवारी तुमच्याशी शुक्रवारसारखाच वागतो. दुसरा माणूस कारण मागतो. कारण दिलं की ते खोडून काढतो. "मी एवढं केलं तुमच्यासाठी आणि तुम्ही..." अशी वाक्यं यायला लागतात. किंवा तो गप्प होतो, नमस्कार टाळतो. तो गप्पपणा तुम्ही कुठं पाहिलाय ते तुम्हाला ठाऊकच आहे. तिसराही एक प्रकार आहे, आणि तो ओळखायला सगळ्यात अवघड: नकार मिळाला की दुप्पट गोड होणारा. आवळा देऊन कोहळा काढणाऱ्याला पहिला आवळा वाया गेल्याचं दुःख नसतं, तो दुसरा आणतो. म्हणून एका नकारावर भागत नाही. पैशाबाबत एक, वेळेबाबत एक, तुमच्या खासगी गोष्टी विचारल्या तर तिथं एक, असे वेगवेगळ्या ठिकाणी देऊन बघावे लागतात, आणि मध्ये महिने जावे लागतात. घाई आणि गुपित, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की मात्र मी कान टवकारते. ज्याला तुमच्याशी नीट वागायचंय त्याला तुमची एखादी मैत्रीण, तुमचा भाऊ, ऑफिसातली दुसरी बाई तुमच्याशी बोलते याचा त्रास का व्हावा? "कुणाला सांगू नका" यावर तुम्ही सहज म्हणा, "मी तर आमच्या अमक्या मॅडमना सांगितलं की तुम्ही किती मदत केलीत." आणि चेहरा बघा.

तो शिपायाशी कसा बोलतो, आपल्या बायकोबद्दल किंवा जुन्या साहेबांबद्दल काय बोलतो, तेही बघा. सगळे जुने लोक वाईट आणि तो एकटा भोळा, असा ज्याचा इतिहास असतो, त्यात पुढचं वाईट पात्र कुणाचं असणार हे ओळखणं अवघड नाही. आणि केसचा निकाल लागेपर्यंत पैसा, कागदपत्रं, घराची किल्ली यांतलं काहीही कुणा नव्या माणसाच्या हाती देऊ नका, तो कितीही सज्जन असो. सज्जन माणसाला याचं वाईट वाटत नाही.

लबाड माणसं फक्त प्रेमाच्या वाटेनं येत नाहीत. नवरा सोडलेल्या बाईचा वास काही लोकांना लांबून येतो. "तुमच्यावर कुणीतरी करणी केलीय, शांत करून घ्या" म्हणणारा बाबा येतो, "घरबसल्या कमवा, दहा बायका जोडा" म्हणणारी मैत्रीण येते, तुमच्या मुदतठेवीवर डोळा असलेला चुलतभाऊ येतो. बाबाबद्दल एवढं लक्षात ठेवा की महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि करणीच्या नावानं घाबरवून लुबाडणं हा गुन्हा आहे. बाकीच्यांना तेच औषध: छोटा नकार, आणि मग निरीक्षण.

आता नणंदेचे निरोप. इथं मला स्वतःबद्दल काही सांगायला हवं. माझी पहिली नऊ वर्षं पोलीस ठाण्याला जोडलेल्या एका केंद्रात गेली. तेव्हा आमच्या नोंदवहीत "समेट झाला" असं लिहिता आलं की काम फत्ते झालं असं आम्हाला वाटायचं. नवरा समोर बसून रडायचा, कान पकडायचा, आणि मी बाईला म्हणायचे, "बघा, माणूस बदलायला तयार आहे." अशी एक बाई मी दोनदा नांदायला परत पाठवली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता आणि तिनं मला एक शब्दही दोष दिला नाही. ते मला आजही सलतं. तेव्हापासून मी रडण्याकडे बघत नाही. मी बघते, हवं ते मिळालं नाही की हा माणूस काय करतो.

तुम्ही पाठवलेला निरोप पुन्हा वाचा. "केस मागे घे, मग सगळं तुझ्या मनासारखं होईल." माफी आणि सौदा यांत फरक आहे. ज्याला झालेलं कळलंय तो म्हणतो, "मी तुझा पगार ठेवून घेतला, तुझ्यावर हात उचलला, आणि तू परत नाही आलीस तरी ते चूकच होतं." असं वाक्य एका तरी निरोपात आहे का? आणि तुम्ही नाही म्हटल्यावर आलेला पुढचा निरोप बघा: "माझ्या लेकीला तोडलंस, आई आजारी पडली ती तुझ्यामुळे." अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्राइड यांनी १९९७ मध्ये या चालीला नाव दिलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर आधी नाकारायचं, मग अंगावर यायचं, आणि शेवटी आपणच बळी म्हणून रडायचं. चोराच्या उलट्या बोंबा हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. फक्त बोंब आपल्याच माणसाची असली की आपण आधी स्वतःला तपासायला लागतो.

नणंदेला उत्तर द्यायचं ते एकच आणि दर वेळी तेच: "वन्सं, मुलीबद्दल काही असेल तर वकिलांमार्फत कळवा. बाकी विषय मी बोलणार नाही. तुमची तब्येत बरी ना?" यापुढे स्पष्टीकरण नाही. स्पष्टीकरण दिलं की त्यातला एकेक शब्द धरून वाद घालता येतो, आणि तो वाद तिकडे पोचतो. त्या मनानं चांगल्या असतील, त्यांना खरंच वाटत असेल की भाऊ बदललाय. तरी उत्तर तेच. आणि सगळे निरोप जपून ठेवा. पुसू नका, तारखेसकट ठेवा.

तुमची आई म्हणते, "पोरीसाठी तरी एकदा जाऊन बघ." आईवर रागावू नका, तिच्या काळात घर सोडलेल्या बाईचं काय व्हायचं ते तिनं पाहिलंय. पण तिच्या भीतीवर तुमचा निर्णय बेतू नका.

मुलीला वडिलांना भेटायचं असेल तर तो तिचा हक्क आहे, आणि तो कोर्टामार्फत नीट पार पडू शकतो. बऱ्याच कौटुंबिक न्यायालयांत त्यासाठी वेगळी खोली असते, वेळ ठरलेली असते. "एकदा भेट" म्हणजे हॉटेलात, त्याच्या बहिणीच्या घरी, त्याच्या गाडीत, असं नाही. मुलीच्या हाती निरोप यायला लागला, "बाबा म्हणाले आईला सांग", तर तिला शांतपणे सांगा, "मोठ्यांचे निरोप मोठे लोक नेतील, ते तुझं काम नाही." वडिलांना शिव्या देऊ नका, पण "बाबा कामासाठी लांब राहतात" अशी खोटी गोष्टही रचू नका. तिनं घरात सगळं पाहिलंय. तुम्ही खोटं सांगितलंत तर तिचाही स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडेल, आणि तो उडाला की काय होतं ते आपण दोघी जाणतो.

काही कामं याच आठवड्यात उरका. पगाराचं खातं दुसऱ्या शाखेत किंवा दुसऱ्या बँकेत न्या, खात्याला आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक तुमचाच आहे ना ते तपासा. फोनमधलं गुगल खातं मुळात कुणी काढून दिलं होतं ते आठवा. त्यांनी दिलं असेल तर नवं काढा, कारण जुन्यातून तुम्ही कुठं आहात ते दिसू शकतं. मुलीच्या शाळेच्या अॅपवर कुणाचा क्रमांक आहे ते बघा. दागिन्यांची यादी, फोटो, पावत्या वकिलांकडे द्या. स्त्रीधन परत देण्याचा आदेश सुरुवातीला सांगितलेल्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालीच मिळतो. फोन, मेसेज किंवा तिसऱ्या माणसामार्फत त्रास चालूच राहिला तर त्याच कायद्याच्या कलम १८ खाली संपर्कबंदीचा आदेश मागता येतो, आणि तुम्हाला मदत करणाऱ्या नातेवाइकांनाही त्यात संरक्षण मिळतं. तो आदेश मोडला तर कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथं स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. धोका वाटला तर पोलिसांच्या मदतीसाठी ११२, सल्ला हवा तर महिला हेल्पलाइनचा १८१.

तुम्ही लिहिलंय की रविवारी सकाळी आठ ते दहा ही वेळ सगळ्यात अवघड जाते. मग त्या वेळेला घरी बसूच नका. तुम्ही नाशिकच्या आहात, तुम्हाला मी मिसळीचं ठिकाण सांगायची गरज नाही. लेकीला घेऊन निघा. पहिले चार रविवार कुठं जायचं ते तुम्ही ठरवा, पाचव्या रविवारी तिला ठरवू द्या. आणि महिन्याभरानं मला लिहा, वहीतले किती अंदाज खरे निघाले ते.